साडूभाऊंची चमकी

आमचे साडूभाऊ ज्या घरात एकदा पाय ठेवून गेले, त्या घरातलं माणूस पुढे निदान पावसाळाभर तरी पूर्णपणे विनाचमकी राहू शकलं नाही. हे विधान मी जबाबदारीने करतो आहे. रत्नागिरीत त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस झाला नाही आणि त्यांच्याइतका अंगाला चिकटून राहणाराही झाला नाही. त्यांच्याविषयी लिहा, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी तर दरवर्षी मागणी व्हायची आणि मी दरवर्षी मोतीबिंदूचं कारण पुढे करायचो. मोतीबिंदू कधीच निघाला आहे, डोळे उत्तम आहेत. साडूभाऊंबद्दल लिहायचं तर गणपतीतली एक दुपार लिहावी लागेल, आणि ती गाळून लिहिलं तर लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून इतकी वर्षं मी हे टाळत आलो.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो आणि ते मलाही साडूभाऊच म्हणायचे, त्यामुळे आमचं बोलणं पलीकडच्या खोलीतून ऐकणाऱ्याला एकच माणूस स्वतःशी वाद घालतो आहे असं वाटे. मूळचे नाटे गावचे. वडील तांडेल, भाऊही तांडेल. अख्खं घर होडीवर जगणारं. हे मात्र होडीत बसले की किनारा सुटायच्या आत ओकायचे, म्हणून वडिलांनी त्यांना शिकवलं आणि ते पोफळीच्या वीजघरात लागले. उभी नोकरी डोंगराच्या पोटात बसून लोकांच्या घरी उजेड पाठवण्यात गेली. आणि निवृत्त होऊन रत्नागिरीजवळ नाचणे गावात घर बांधून राहिले, तर करायला काय लागले, मेणबत्त्या. आमच्या सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "जन्मभर वीज केलीन आणि आता तिच्या वाईटावर उठलाय."

याची सुरुवात अपमानातून झाली. नव्या घरातली पहिलीच वीज गेली तेव्हा मेहुणीने दुकानातून आणलेली मेणबत्ती लावली. आमच्याकडचा उकाडा, ती अर्ध्या तासात कमरेतून वाकली आणि टेबलाला नमस्कार करून विझली. साडूभाऊंना हे सहन झालं नाही. जी वस्तू आणीबाणीसाठी असते ती आणीबाणीतच आडवी पडते म्हणजे काय, असं ते आठवडाभर भेटेल त्याला विचारत होते. मग एक दिवस मेणाच्या लाद्या आल्या, सुताची गुंडी आली, आणि मेहुणीचं चहाचं मोठं पातेलं जे पाणी तापवायला म्हणून गेलं ते परत स्वयंपाकघरात आलं नाही. साचे म्हणून त्यांनी काय वापरलं नाही ते विचारा. नळाच्या पाइपाचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, कालवांचे शिंपले, बांबूची पेरं. एकदा मी आमच्या न्हाणीघरातला साबणाचा डबा शोधत होतो, तो दोन दिवसांनी साडूभाऊंकडून मेणबत्ती होऊन आला.

आणि मग चमकी आली. नातीच्या शाळेच्या कसल्याशा तक्त्यासाठी आणलेली एक डबी उरली होती, ती त्यांनी सहज वितळलेल्या मेणात ओतली. चमकी जड, ती सगळी तळाला जाऊन बसली. मेणबत्ती वर विधवेसारखी पांढरी आणि खाली बुडाला नवरदेवाचा जरीकाठ. हा दोष काढण्यात त्यांचा एक हिवाळा गेला. शेवटी युक्ती सापडली ती मेहुणी बांगडे तळत असताना. मेणबत्ती क्षणभर गरम पाण्यात बुडवायची, अंग जरा चिकट झालं की वर्तमानपत्रावर पसरलेल्या चमकीत लोळवायची, रव्यात बांगडा घोळवतात तशी. फक्त वातीखालची दोन बोटं जागा कोरी ठेवायची, कारण चमकी वातीत गेली की ज्योत तडतडते. या कोऱ्या जागेला ते सोवळं म्हणायचे. "दोन बोटं सोवळं पाळायचं, बाकी खाली कसाही नाच करा," असं ते मेणबत्तीला सांगितल्यासारखं आम्हाला सांगायचे.

घोळवलेली चमकी मेणबत्तीवर जेवढी बसे त्याच्या दुप्पट साडूभाऊंवर बसे. ते घरात शिरले की उन्हाची तिरीप आत आल्यासारखं व्हायचं. ते ज्या खुर्चीवर बसून गेले तिच्यावर मी बसायचो, माझ्या पाठीवरून चमकी उशीवर जायची, उशीवरून डोळ्यात. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पापणी उलटी करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काका, नमनाच्या खेळात काम करता का? गवळणीचं वगैरे?" मी म्हटलं, नाही, मला साडू आहेत. आमच्या दारावर येणारी मासेवाली तर साडूभाऊंनी निवडून परत ठेवलेला मासा लांबून ओळखायची. "त्या काकानू हात लावलान की बांगडा पन वरातीला निघाल्यागत दिसतो," असं म्हणून ती पाटी त्यांच्यापासून हातभर मागे ओढायची. बुधवारी माशांचं तिखलं केलं तर ताटाच्या कडेला हमखास एकदोन सोनेरी कण दिसत. पहिल्यांदा बायकोने ताट बदललं, मग वर्षभराने ती म्हणायला लागली, अहो, ते काय, भावजी आले होते ना काल.

त्यांच्या बोलण्यातून पोफळी शेवटपर्यंत गेली नाही. मेहुणी चिडली की बाई ट्रिप झाली म्हणत, पाहुणे वाढले की लोड आला म्हणत, आणि दुपारी झोपायला जाताना चार्ज मेहुणीकडे देऊन जात. वीजघरातल्या माणसाला एक सवय लागते, ती त्यांना लागली होती: निघण्यापूर्वी सगळं पाहायचं. आमच्याकडून निघतानासुद्धा ते आमचा गॅस बंद आहे का पाहायचे, पंप पाहायचे, कपाटाची किल्ली फिरवून पाहायचे, गेटपर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा गॅस पाहायचे. मी वैतागून विचारलं, साडूभाऊ, तुमच्या हातून आजवर कधी काही राहिलंय? ते गंभीरपणे म्हणाले, "नाही ना. म्हणून तर पाहायचं." माणसाला अभिमान कशाकशाचा असतो. कुणाला जमिनीचा, कुणाला मुलांचा. यांना आपल्या हातून काही राहत नाही याचा होता, आणि तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, नुसतं परत येऊन गॅस पाहिला.

मेणबत्ती विझवण्याचीही त्यांची रीत होती. फुंकायची नाही, कारण फुंकली की धूर होतो, मेण उडतं, आणि शिवाय ज्योत फुंकणं बरं दिसत नाही. हाताने वारा घालायचा नाही, कारण मेणबत्ती मेल्याचं सोंग करते. ज्योत निळी होऊन वातीत शिरते, गेली असं वाटतं आणि आपली पाठ वळली की वर येते. एका वाकवलेल्या तारेने ते वात वितळलेल्या मेणात बुडवायचे आणि लगेच परत ताठ उभी करायचे. धूर नाही, वास नाही, आणि वातीला मेणाचं पांघरूण मिळाल्यामुळे पुढच्या वेळी पटकन पेटते. हे सगळं त्यांनी मला ओटीवर बसवून शिकवलं होतं. मी मान डोलावली होती. माझं लक्ष पोह्यांकडे होतं.

या सगळ्या उद्योगात एकच दुःख होतं. त्यांच्या मेणबत्त्या कुणी पेटवत नसे. सणासुदीला, बारशाला, गृहप्रवेशाला ते मेणबत्त्या द्यायचे आणि लोक त्या शोकेसमध्ये ठेवायचे. त्यांच्या शेजारी दुबईहून परत आलेले एक चाचा होते, त्यांना ईदला निळ्या चमकीची एक होडीच्या आकाराची दिली होती. वीज गेली की साडूभाऊ कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे, चाचांच्या खिडकीत काय दिसतं ते बघायला. तिथे टॉर्च दिसायचा. एकदा त्यांनी न राहवून विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "भाई, एवढी देखणी चीज जाळायला हात नाय होत." साडूभाऊ घरी येऊन मला म्हणाले, "साडूभाऊ, मी जाळायलाच केली ना हो ती."

आता ती दुपार.

साडूभाऊंच्या घरचा गणपती नाटे गावी भावाकडे. म्हणून रत्नागिरीत ते आमचाच गणपती आपला मानायचे आणि आदल्या दिवसापासून येऊन बसायचे. त्या वर्षी मखर कापडाचं आणि कागदी फुलांचं केलं होतं, मागे पडदा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी असा काळोख करून पाऊस आला की समोरची नारळाची झाडं दिसेनात, आणि आरतीला उभे राहतो न राहतो तोच वीज गेली. कुणी काही बोलायच्या आत साडूभाऊ पिशवीकडे गेले. बहुतेक ते आदल्या दिवसापासून ती पिशवी याच आशेवर घेऊन फिरत होते. त्यांनी गणपतीसमोर मेणबत्त्यांची कमान मांडली आणि एकेक लावत गेले. मी त्यांच्या कलेची आयुष्यभर थट्टा केली, पण त्या दिवशी गप्प झालो. सोनेरी, लाल, हिरवे कण ज्योतीच्या उजेडात असे हलायला लागले की गणपतीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत जातं आहे असं वाटत होतं. आरती म्हणणारी मुलंसुद्धा मध्येच थांबली. साडूभाऊ टाळ हातात धरून उभे होते, वाजवायचं विसरून. त्यांच्या मेणबत्त्या पहिल्यांदाच कुणासमोर सगळ्या पेटल्या होत्या.

आरती संपली, प्रसाद झाला, वीज आली. साडूभाऊंनी तार काढली आणि एकेक मेणबत्ती त्यांच्या रीतीने विझवली. मी तिथेच उभा होतो, मी पाहिलं. सगळ्या एका ताटात ठेवून ताट मखरामागे सारलं. जेवले, गॅस पाहिला, गेटवरून परत येऊन पुन्हा पाहिला आणि मेहुणीला घेऊन विश्रांतीला घरी गेले.

आमच्याकडे गणपती असेपर्यंत समई अखंड तेवत ठेवायची आणि तिच्याजवळ कुणीतरी बसायचं, अशी पद्धत. त्या दुपारी पाळी माझी होती. त्या खोलीत पंखा लावायचा नाही हाही नियम, समईसाठीच. पण उकडीचे मोदक पोटात, वर पावसानंतरची घुसमट. मी पंखा लावला आणि भिंतीला टेकलो. जाग आली तेव्हा समई विझली होती आणि स्वयंपाकघरात बायकोच्या चहाच्या भांड्यांचा आवाज येत होता. या वयाच्या माणसाने बायकोला इतकं घाबरू नये, पण अखंड समई माझ्या हातून विझली हे तिला कळलं असतं तर तिने ते पुढच्या गणपतीपर्यंत धरून ठेवलं असतं. मी पंखा बंद केला. एका काडीत समईच्या सगळ्या वाती लागेनात, बोट भाजलं. मग मखरामागच्या ताटातली एक मेणबत्ती उचलली. तिची वात ताठ उभी होती, मेणाचं पांघरूण घेतलेली. ती पेटवली, तिच्या ज्योतीने सगळ्या वाती लावल्या. तेवढ्यात पावलं वाजली. गणपतीसमोर ज्योत फुंकायला मन धजेना, लहानपणापासूनची शिकवण. मी हाताने वारा घातला. ज्योत निळी झाली, वातीत गेली. मी मेणबत्ती ताटात ठेवली, ताट मागे ढकललं आणि चहा घ्यायला ओटीवर गेलो.

अर्धा कप चहा झाला असेल, तोवर वास आला. मागचा पडदा आणि एका बाजूची फुलं गेली. गणपतीला आलेल्या आमच्या जावयाने पडदा ओढून काढला, घागरभर पाणी ओतलं, माणसांना काही झालं नाही. पण मूर्तीची पाठ आणि एक कान काळा पडला. भटजींना बोलावलं. ते म्हणाले, अशी मूर्ती ठेवू नये, आजच विसर्जन करा. गौरी यायच्या आधीच आमचा गणपती गेला, मांडवीच्या समुद्रात, संध्याकाळच्या भरतीत. घरात मागे काही उरलंच नाही असं झालं.

विसर्जनाच्या आधीच बायकोने ते ताट पाहिलं होतं. बाकी मेणबत्त्या होत्या तशा, आणि एक जळून बसलेली. ती म्हणाली, "भावजींची एक राहिली वाटतं विझवायची."

मी म्हणालो, "असेल."

मी एवढंच म्हणालो. इतकी वर्षं त्या एका शब्दाला मी वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं आहे. खोटं असं त्यात काही नाही, असं स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

साडूभाऊ धावत आले. ताटापाशी उकिडवे बसले, जळलेली मेणबत्ती उचलून वात पाहिली, मग मखराकडे, मग माझ्याकडे. "साडूभाऊ, मध्ये कुणी पेटवली होती का ही?" त्यांनी विचारलं. माझी बायको, मेहुणी, जावई, सगळे उभे होते. मी म्हणालो, मी तर इथेच बसलो होतो. यातही खोटं काही नव्हतं. साडूभाऊंनी मेणबत्ती परत ताटात ठेवली. मग त्यांनी सगळ्यांसमोर माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, "माझ्याच हातून राहिली. तुमच्या घरच्या गणपतीला मी डाग लावला. मला माफ करा."

आणि मी त्यांना माफ केलं. जाऊ द्या साडूभाऊ, होतं असं माणसाच्या हातून, असं म्हणून मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या वाक्याने मला सासरच्या माणसांत मोठ्या मनाचा म्हणून जे नाव मिळालं ते आजतागायत टिकून आहे. कुणाचं काही बिनसलं की मध्यस्थीला मला बोलावतात. लग्नकार्यात मेहुणीचे दीर मला पुढच्या पाटावर बसवून घेतात. त्या पाटावर बसताना मला दरवेळी तो तळहात आठवतो, साडूभाऊंच्या पाठीवर ठेवलेला.

त्यानंतर त्यांनी मेणबत्ती केली नाही. साचे भंगारवाल्याला दिले, पातेलं घासून मेहुणीला परत केलं. तिने ते वापरलं नाही. राम आळीतला चमकीवाला दुकानदार मला विचारायचा, काका आजारी आहेत का. आजारी नव्हते. फक्त रस्त्याने अर्ध्यातून परत फिरायला लागले. पूर्वी परत येऊन गॅस पाहायचे ते हौसेने, आता भीतीने. मारुती मंदिरापर्यंत रिक्षाने आलेले मागे जायचे, कुलूप ओढून पाहायला. पुढच्या वर्षी गणपतीला आले ते ओटीवर बसले. आरतीला आत चला म्हटलं तर म्हणाले, इथूनच ऐकतो. बायकोने निरांजन त्यांच्यापुढे नेलं तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "माझ्या हाताचा आता भरवसा नाही, तुम्हीच फिरवा," म्हणाले, अगदी हसत.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. निघायचो सांगायचं म्हणूनच. पण मी गेलो की तेच आधी विषय काढायचे. "साडूभाऊ, तुमचं मन मोठं म्हणून," अशी सुरुवात करायचे आणि माझ्या तोंडात आलेलं वाक्य मागे जायचं. मेहुणी चहा आणायची, घावणे आणायची, तिच्यासमोर कसं बोलणार असं वाटायचं, आणि ती आत गेली की त्यांच्यासमोर एकटं पडू नये म्हणून मीच तिला परत हाक मारायचो. पुढे त्यांची मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. फोनवर सांगावं म्हटलं, तर त्यांना नीट ऐकू यावं म्हणून फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवलेला असे. मी हॅलो म्हटलं की मागून चार माणसं कसे आहात विचारत. दिवाळीनंतर स्वतः जाऊन एकट्याशी बोलायचं, असं मी पक्कं केलं. तिकीट काढलं होतं. ते नवरात्रातच गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता.

तेराव्याला पुण्याला गेलो. जेवणं झाल्यावर मेहुणी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुमचं नाव फार काढायचे हो. आणि एक विचारत राहायचे शेवटपर्यंत. मी तर एकूण एक विझवल्या होत्या गं, मग ती राहिली कशी? मी म्हणायची, झालं गेलं, तुमच्या साडूंनी कधी मनात तरी ठेवलं का? तर म्हणायचे, त्यांनी नाही ठेवलं, पण मला कळायला नको का?"

तेव्हाही तिला सांगायचं सोडून भांड्यातलं पाणी प्यायलो. आता मेहुणी हे वाचेल, बायको वाचेल, मला पुढे बसवणारे सगळे वाचतील. ज्यांनी वाचायला हवं होतं ते नाहीत. तरी जे वाक्य मी त्यांच्या दारापर्यंत इतक्यांदा नेलं आणि तसंच परत आणलं, ते इथे लिहितो.

साडूभाऊ, तुमच्या हातून काहीही राहिलं नव्हतं. तुम्ही एकूण एक विझवल्या होत्या. ती मी पेटवली, समईसाठी, आणि हाताने वारा घातला. माफी तुम्ही मागायची नव्हती, मी मागायची होती. मला माफ करा.